भराव पडण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी पाणथळ आहे. चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या काचेच्या ऑफिसांमागे पसरलेली. लोक मला पडीक म्हणतात आणि नाक दाबून पुढे जातात. आसपासच्या तळ्यांचं उतू गेलेलं पाणी मी शेकडो वर्षं पोटात घेतलं. तेव्हा मला कशाचंच भय नव्हतं. मग कडेकडेने भराव पडू लागला. आता लॉरीचा आवाज आला की माझ्या पाणकोंबड्या अंडी सोडून पळतात. मला तर पळताही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कीर्ती आली. चेन्नईच्याच आवडी नावाच्या उपनगरात, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली मराठी मुलगी, शिकून आर्किटेक्ट झालेली. माझ्यावर इमारत बांधायची म्हणून तिच्या साहेबांनी, उदयसिंहांनी, तिला मोजमापाला पाठवलं होतं. तिच्या हातातल्या लाल खुंट्या पाहून मी धास्तावले. खुंटी ठोकतानाच तिचा पाय घसरला आणि ती कमरेपर्यंत चिखलात गेली. हलली की आणखी खाली जाई. मित्रांनो, मला तिला धरून ठेवायचं नव्हतं, पण सोडायचं कसं हेही ठाऊक नव्हतं. चटयांसाठी लव्हाळा कापणाऱ्या अलमेलूअक्का धावत आल्या. त्यांनी लव्हाळ्याचे भारे तिच्यापुढे आडवे टाकले, आणि त्यांवर पालथी पडून ती कशीबशी बाहेर सरकली.

ती काठावर बसली. भाऱ्यांनी तुला कसं पेललं ते बघ, म्हणत अक्कांनी एक काडी कापून दाखवली. तीन कडांची, आत हवेचे बारीक बारीक खण असलेली. कीर्ती कितीतरी वेळ ती न्याहाळत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन येऊ लागली. लव्हाळा, पाणकोंबडीची लांब बोटं, सुकल्या चिखलाच्या भेगा; सगळं तिने रेखाटलं. मला असं कुणी पाहिलंच नव्हतं. त्या काडीसारख्या पोकळ भिंतींची, आपोआप थंड राहणारी इमारत तिने काढली. तीही माझ्यावर नाही, रस्त्यापलीकडच्या पक्क्या जमिनीवर.

महिन्याभराने ती उतरल्या चेहऱ्याने आली.

"साहेबांना भिंती आवडल्या, अक्का. पण जागा त्यांना हीच हवी आहे."

अक्कांनी हातातला विळा खाली ठेवला. "म्हणजे रूप हिचं घ्यायचं आणि बुजवायचंही हिलाच?"

कीर्तीने नोकरी सोडली. आपल्या चित्रांसकट तिने सरकारकडे लेखी हरकत घेतली. खाली अक्कांनीही सही केली. सुनावणी अजून व्हायची आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्या काठाशी वाकून पाहा, आणि पाहिलंत तर गप्प बसू नका. माझ्यासाठी बोलणारी माणसं आज दोनच आहेत, आणि रस्त्यावर उभ्या लॉऱ्यांची इंजिनं सुरू आहेत.