जेंकिन्सचा डावा कान

"बाबा, अजून वेळ आहे. तुम्हाला बरं वाटत नाहीये, असं कळवून टाकते," लायब्ररीसमोर गाडी थांबवत नीलिमा म्हणाली.

"तुला काय वाटतं, जमेल मला?"

"ऑनेस्टली? नाही जमणार. आईपुढेसुद्धा कधी चार वाक्यं बोलला नाहीत. मी आत येत नाही हं, तुम्ही अडखळलात तर मला बघवणार नाही."

माझी लेक इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला, कान-नाक-घशाची सर्जन आहे. ती निदान उगाच करत नाही.

सांगलीच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं वक्त्यांना पुस्तकं काढून दिली. भाषण सुरू झालं की कपाटांमागे उभा राहायचो. इथल्या इतिहास मंडळात चहा पिताना, इंग्लंड-स्पेनच्या एका जुन्या लढाईबद्दल वाचतोय, एवढंच बोलून गेलो. ग्रंथपाल नोराबाईंनी लगेच पुढचा वक्ता म्हणून माझं नाव फळ्यावर लिहिलं.

समोर वीसेक माणसं. मी कागद उलगडून वाचायला लागलो. "१७३१ साली वेस्ट इंडीजच्या समुद्रात स्पॅनिश पहारेकऱ्यांनी जेंकिन्स नावाच्या इंग्रज कप्तानाचा उजवा कान कापला..."

डावा! पहिल्याच वाक्यात चूक! "सॉरी, डावा," म्हणताना शाळेतल्या सवयीने मी स्वतःचे दोन्ही कान धरले.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सीमसने आपलेही कान चाचपले.

"दोन्ही आहेत, थँक गॉड! यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही, पुढे बोला!"

हशा पिकला. बघतो तर नोराबाईंसकट सगळे कान धरून बसलेले. जेंकिन्सला मान द्यायची ही आमच्याकडची रीत, असं वाटलं असावं बिचाऱ्यांना. मी कागद खिशात टाकला.

"गंमत बघा," मी म्हणालो, "कान गेला आणि इंग्लंडने लढाई पुकारली ती आठ वर्षांनी. आमच्याकडे सरकारी फाइलसुद्धा याहून लवकर हलते!"

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. नऊ वर्षं चाललेली लढाई, तापाने मेलेले हजारो खलाशी, सगळं सांगितलं.

"मग शेवटी मिळालं काय?" सीमसने विचारलं.

"कान तर नाहीच मिळाला!"

टाळ्या वाजत असताना दाराकडे लक्ष गेलं. कोट हातात घेऊन नीलिमा उभी होती, बहुधा पहिल्यापासूनच. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कोट खांद्यावर टाकून तिने हळूच आपल्या दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.