वाघदेवामागची नागली

उगाच डोंगर चढणारा माणूस ढवळूनं जन्मात पाहिला नव्हता. डोंगरावर जायचं ते लाकडाला, कंदाला, नाहीतर चुकलेल्या गाईला शोधायला. आणि हे भार्गवपंत, नाशकाहून जव्हारला मेहुण्याकडे आलेले, पायांत जोडा, गळ्यात दुर्बीण. जामसरजवळच्या पाड्यावर येऊन म्हणतात काय, "ढवळू, सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परतता येईल असे दोन-चार देखणे डोंगर निवडून दे मला. जिथून सगळं दिसतं असे."

सगळं दिसतं! ढवळूच्या मनात पाल चुकचुकली. कावळटेंभीच्या उतारावर झाडोरा जाळून, राखेत पेरून त्यानं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीक उभं केलं होतं. रान जव्हारच्या राजाचं आणि दरबाराला विचारलं होतं कुणी? कळलं असतं तर उभं पीक गेलं असतं. दुसरं शेत त्याला नव्हतं. बायको गौराबाई आणि लेक माघी, दोघींचं वर्षाचं पोट त्या उतारावर उभं होतं. आता असं असताना दुर्बीणवाला दारात आला तर माणसाला गोड झोप लागेल का?

नाही म्हणावं, तर तेही अंगाशी यायचं. म्हणून पहिल्या दिवशी ढवळूनं पंतांना मुद्दाम करवंदीच्या जाळ्यांतून एका भकास माळावर नेलं. गुरंसुद्धा तिथं जात नाहीत. पंतांचं धोतर फाटलं, पोटऱ्या ओरबाडल्या. वर पोचून ते धापा टाकत उभे राहिले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "वा! काय देखणं आहे रे!"

ढवळूनं चहूकडं पाहिलं. दगड, वाळकं गवत आणि लांबवर कावळटेंभीचा निळा उंचवटा. देखणं म्हणे! एवढं खोटं बोलतो म्हणजे हा दरबाराचा पक्का पाहणीवाला, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना चिखलाच्या घळीत उतरवलं. पंत घसरले, माखले, हसले आणि तिथंही देखणंच म्हणाले. मग बोट दाखवून विचारलं, "ती टेंभी कुठली? उद्या तिकडंच जाऊ."

झालं! घरी आल्याबरोबर, गौराबाईनं वाघदेवाच्या सणाला, वाघबारशीला, मोखाड्याच्या बाजारातून आणलेला शेंदूर ढवळूनं गुपचूप कंबरेला खोचला. रातोरात टेंभीच्या खिंडीत, वाटेच्या मधोमध, एक उभट दगड रोवला आणि त्याला शेंदूर फासला.

सकाळी पंत खिंडीत आले, तसा ढवळू आडवा आला. "वाघदेव हाय, पंत. देवाच्या मागलं सगळं देवाचं. तिथं पाय टाकायचा नाय, विळा न्यायचा नाय, पानसुद्धा तोडायचं नाय."

पंतांनी चटकन जोडे काढले. फडक्यातले दोन लाडू दगडापुढं ठेवले, हात जोडले आणि आले तसे मागं वळले. हुज्जत नाही, की एक प्रश्न नाही. ढवळूला मनातून हसू फुटलं.

पण ते हसू पाड्यापर्यंतच टिकलं. पंत पाड्याची देवपूजा पाहणाऱ्या जिवा भगताच्या अंगणात पाणी प्यायला थांबले आणि भाबडेपणानं बोलून गेले, "तुमच्या खिंडीतल्या वाघदेवाचं दर्शन झालं हो. अगदी ताजा शेंदूर होता."

भगत तांब्या तसाच धरून उभा राहिला. "खिंडीत? कधी उठला देव तिथं? ढवळू?"

आता खरं बोलावं, तर पंत समोर. चोराच्या मनात चांदणं! ढवळू म्हणाला, "उठला. मीच पाहिला, बाबा."

संपलं की हो! वाघबारशीला सगळा पाडा खिंडीत लोटला. भगतानं कोंबडा दिला, तांदळाच्या पुंजा, इवल्या ढिगल्या, मांडल्या आणि गुराखी पोरांची राखण देवाच्या गळ्यात घातली. पाड्यात प्रत्येकाची गुरं रानात आणि वाघ काही गोष्टीतला नव्हता. त्या दिवसापासून दगड दगड राहिला नाही आणि त्याच्या मागलं सगळं पाड्याच्या लेखी देवाचं झालं.

नागली पिकली. गौराबाईनं विळा काढला आणि परत वळचणीला खोचला. "मी नाय जायची," ती म्हणाली.

"अगं, तो देव मीच मांडलाय! आपल्या घरच्या शेंदरानं!"

"मग तूच उचल जा, माघीच्या बा. माघी रोज गुरांमागं रानात जाते, तेवढं ध्यानात धर आणि उचल."

ढवळू गेला. खिंडीत दगडापुढं उकिडवा बसला. दोन्ही हात पुढं केले, पण ते काही दगडापर्यंत पोचेनात. आपणच फासलेला शेंदूर आणि आपल्यालाच त्याची भीती! त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

तो तिथंच बसलेला असताना पंत वर आले. निरोप घ्यायला.

"उद्या नाशकाला निघालो, ढवळू. तीन वर्षं खाटेवर होतो रे. वैद्य म्हणाले, पाय चालवा. पुन्हा डोंगर चढेन असं वाटलं नव्हतं मला." त्यांनी पोटरीवरून हात फिरवला. "तू काटेरी वाटेनं नेलंस ना, तेव्हा कळलं की पाय अजून आपले आहेत."

पंतांनी गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली. "तुझ्या त्या माळावरून पहिल्याच दिवशी एक शेत दिसलं होतं. फार देखणं. म्हणून तर या टेंभीवर यायचा हट्ट धरला होता. देव पुढं जाऊ देत नाही, तर नाही. बघ, इथूनही दिसतं."

पहिल्याच दिवशी! आणि माणूस कुणापाशी अवाक्षर बोलला नव्हता.

ढवळूनं दुर्बीण लावली. नागली इतकी जवळ आली की हात पुढं करून कणीस खुडावं. तांबूस, भरलेली, ओणवलेली. आणि तिच्यावर पोपटांचा थवाच्या थवा, निवांत, पोटभर खात बसलेला.

"कुणाचं रे ते शेत?" पंतांनी विचारलं.

ढवळूनं दुर्बीण खाली घेतली नाही. डोळे दिसले असते.

"देवाचं, पंत," तो म्हणाला.