धारूरच्या घाटात सुटलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर हाय. नेकनूरच्या सुंदररावांच्या जीपचा पाचवा टायर. मधी बोलू नका, मला ही गोष्ट कवाची सांगायचीय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं काही आठवत न्हाई, नुसता गरम रबराचा वास. तिथून दुकानात आलो अन् दुकानातून थेट जीपच्या चाकावर. काय दिवस होते! चौसाळ्याच्या बाजारात फिरलो, नारायणगडाच्या जत्रंला माणसं कोंबून नेली. सुंदरराव पारावर सांगायचे, "टायर असावा तर असा." मग माझी नक्षी झिजली. मला काढलं अन् मागच्या सीटच्या पायाशी दोरीनं बांधून टाकलं. माझ्यावर कडबा आला, कोंबड्यांची पाटी आली, पण हवा बघायला कुणी आलं न्हाई.

आता खरं ऐका.

यंदा हनुमानचा पहिला दिवाळसण. हनुमान म्हणजे सुंदररावांचा पोरगा, जीप तोच चालवतो. त्याची बायको योगिता. तिचं माहेर धारूरचा घाट उतरला की लगेच. लगीन उन्हाळ्यात झालं, आषाढात ती माहेरी, पंचमीला माहेरी, मधी तिची परीक्षा. दोघांची धड ओळखच झाली नव्हती. हनुमानच्या मायनं, बायनाबाईंनी, ठरवलं की सुट्टी हाय तर सगळेच निघू. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन करू अन् तसंच सुनंच्या माहेरी जाऊ.

निघालो. पुढं हनुमान अन् त्याचे आबा. मागं बायनाबाई, हनुमानची धाकटी बहीण संस्कृती अन् कोपऱ्यात योगिता, पाय माझ्यावर टेकवून. हनुमाननं सकाळीच चारी चाकांची हवा बघितली होती. मी पाचवा, मला कोण इचारतो?

गाडी कशी चालली होती म्हणता? गोगलगायीसारखी. खड्डा दिसला की ब्रेक, वळण दिसलं की ब्रेक.

"जीप हाय का बैलगाडी बे?" सुंदरराव म्हणाले. "आत्ता ती म्हातारी आपल्या पुढं गेली, शेळीसकट."

"क्लच धरायलाय आबा," हनुमान म्हणला.

क्लच नवाकोरा होता, मित्रांनो. मी तोंड दाबून बसलो.

अंबाजोगाईला दर्शन झालं. माणसं चहाला गेली, बायनाबाई नारळ घ्यायला गेल्या. जीपमधी योगिता अन् संस्कृती दोघीच. तवा योगिता हळूच म्हणली, "ताई, दिवाळी झाली की मी काय लगेच येत न्हाई. मायला म्हणते, मला शिकू दे पुढं. तुमच्या दादाला मी आवडले न्हाई वाटतं. लगीन झाल्यापासून तोंड उघडलं न्हाई त्यांनी. आता माझ्या माहेराला चाललो तर गाडीसुद्धा पाय ओढायली."

"वैनी, दादा म्हशीशी तासभर बोलतो," संस्कृती म्हणली. "माणूस दिसलं की मुका."

योगिता हसली न्हाई. तिचे पाय माझ्यावर होते, म्हणून मला कळलं की ती मनाशी ठरवून बसलीय. माझा जीव खालीवर.

आडस गेलं, धारूर गेलं. रस्त्याकडंला सीताफळाच्या पाट्याच पाट्या. घाट लागला अन् फस्स! मागलं चाक बसलं. हनुमाननं मला सोडून काढलं, दाबून बघितलं अन् कपाळाला हात लावला. माझ्यात अर्धीच हवा.

पंक्चरचं दुकान घाटाच्या खाली. बायनाबाई म्हणल्या, "उतारावर एकट्यानं टायर आवरायचा न्हाई. योगिता, तू बी जा."

"मी जातो की," सुंदरराव उठले.

"तुमी बसा," बायनाबाई म्हणल्या. "गुडघे दुखत्यात न्हवं?"

गुडघे दुखत नव्हते. सुंदरराव बसले.

योगिता पुढं, हनुमान मागं, मधी मी. एक वळण गेलं, कुणी बोलंना. दुसरं गेलं, बोलंना. मग माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. मी सुटलो. धडाधडा उतारानं! योगिता पळाली, हनुमान पळाला अन् तिनं मला कठड्याशी आडवं पाडलं. दोघं धापा टाकायले.

"लागलं का?" हनुमाननं इचारलं.

"मला का टायरला?"

"दोघान्ला."

योगिता त्याच्याकडं बघतच राहिली. "तुमी बोलता व्हय? मला वाटलं, रुसायची तालीम चाललीय."

पहिल्या दिवाळीला आमच्याकडं जावई रुसतो. मागितलेलं कबूल होईस्तोवर ताटाला शिवत न्हाई.

"मला न्हाई येत रुसायला," हनुमान म्हणला.

"मग बोलत कावून न्हाई?"

"आबा असतेत. त्यांच्यासमोर बायकोशी कसं बोलावं? आबा बी मायशी कवा बोलले न्हाईत आमच्यासमोर."

"अन् मायला कसं वाटतं ते?"

हनुमाननं मला उभं केलं. मग म्हणला, "कवा इचारलंच न्हाई."

"अन् गाडी हळू कावून? माझ्या माहेराला जायचं जिवावर आलंय?"

"तुला गाडी लागती. वरातीच्या दिवशी सारखी उतरत होतीस, मी बघितलं ना. म्हणून जरा सांभाळून."

योगितानं मला उगाच पुसलं. "अन् क्लच?"

"क्लचला काय धाड भरलीय."

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. "द्या टायर, मागं बांधून नेतो. जल्दी पोचंल."

"लई उपकार होतील," हनुमान म्हणला. बघा, बैलच.

"नको भाऊ," योगिता म्हणली. "लई नाजूक टायर हाय. आमी नेतो चालत."

तो माणूस माझ्याकडं अन् मग तिच्याकडं बघत गेला. मला आजवर कुणी नाजूक म्हणलं नव्हतं, मित्रांनो.

उतरताना योगितानं पुढं शिकायचं मनातलं त्याला सांगून टाकलं. खाली हवा भरली. वर येताना सीताफळाचा टेम्पो भेटला, त्यात आमी तिघं. जीपपाशी पोचताच सुंदरराव म्हणले, "एवढा येळ? नवा टायर बनवायला गेलता का बे?"

हनुमाननं मला बसलेल्या चाकाच्या जागी चढवलं, हात पुसले अन् आबांसमोरच म्हणला, "योगिता, पुढं बस. वारं लागलं की बरं वाटंल."

सुंदररावांनी बायकोकडं बघितलं.

"या मागं," बायनाबाई म्हणल्या. "माझ्याशेजारी बसायला काय लाज वाटती?"

आले बिचारे.

संध्याकाळी योगिताच्या माहेरी अंगणात जीप, ओसरीवर पंगत. हनुमाननं घास उचलला तशी योगिताची माय, कडूबाई, म्हणली, "असं कसं जावईबापू? रुसा की. रीत हाय."

हनुमाननं घास खाली ठेवला. "रुसलो," म्हणला. "भाऊबीजंच्या दुसऱ्या दिवशी मी न्यायला येतो. हिचं पुढलं शिक्षण बीडला करू, मी सोडीन, मी आणीन. ही येते म्हणली तर जेवतो."

कडूबाईंनी पोरीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. योगिता वाढत होती. तिनं त्याच्या पोळीवर तुपाची धार धरली, लांबलचक.

"जेवा," ती म्हणली. "येते मी."

तर मित्रांनो, चार चाकांची हवा सगळेच बघतात, पाचव्याची बी बघत जा. अन् घरातल्या माणसाशी बोलायला घाटात पंक्चर व्हायची वाट बघू नका. दर बारी माझ्यासारखा टायर संगं असंल, याचा भरवसा न्हाई.