बटणांच्या कारखान्याची भरभराट

हिशेबशास्त्र म्हणजे सत्याचं शास्त्र, असं पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलेलं असतं. ते पान परीक्षेला नसतं.

परीक्षेला असतो तो तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प. विद्यार्थ्याने एखाद्या चालू उद्योगाला भेट द्यावी, तिथले हिशेब समजून घ्यावेत, ताळेबंद मांडावा आणि शेवटी चार ओळी निष्कर्ष लिहावा, अशी विद्यापीठाची अपेक्षा असते. कॉलेजने ही अपेक्षा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर सोपवली होती. तिथे बटणांच्या एका कारखान्याचा प्रकल्प तयार मिळे. मुखपृष्ठावर आपलं नाव घालायचं, आतले सगळे आकडे गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्क्यांनी वाढवायचे आणि शेवटचे 'प्रगती समाधानकारक' हे शब्द आहेत तसे ठेवायचे. आकडे वाढवायचं काम कॉम्प्युटरच करी. कारखान्याचा शिक्का मात्र झेरॉक्सवाला स्वतःच्या हाताने मारी.

"शिक्का जरा तिरका पाहिजे," तो म्हणे. "सरळ बसला की खोटा वाटतो."

अशा रीतीने तो कारखाना वर्षानुवर्षं वाढत होता. मंदी आली, गेली. बटणांना तिची झळ लागली नाही.

ज्या मुलीमुळे पुढचा घोळ झाला तिला वर्गात 'शंका' म्हणत. आदल्या वर्षी तिने हाच प्रकल्प दिला होता आणि ती त्यात नापास झाली होती. तोंडी परीक्षेच्या शेवटी परीक्षकांनी विचारलं होतं, "काही शंका?" तो नुसता शिष्टाचार होता. तिने विचारली.

यंदाची संधी शेवटची होती. अभ्यासक्रम बदलणार होता आणि जे राहतील त्यांना पुन्हा दुसऱ्या वर्षात जाऊन बसायचं होतं. शिवाय मामाच्या ऑफिसातली खुर्ची होती. मामा लोकांचे हिशेब तपासून देत असे. पदवीधर भाचीसाठी त्याने एक खुर्ची राखून ठेवली होती; तूर्त तिच्यावर फायली बसत. निकाल लागला नाही तर मामीच्या भावाचा मुलगा तिथे बसणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मामीला जरा जास्तच.

शंकाने झेरॉक्सवाल्याकडून यंदाची प्रत आणली आणि गेल्या वर्षीची शेजारी ठेवून वाचली. असलं काही करायची कुणाला गरज पडलेली नव्हती, कारण दोन वर्षांच्या दोन प्रती एकाच घरात सहसा नसतात. गेल्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी गोदामात जितकी बटणं शिल्लक होती, त्यापेक्षा बरीच जास्त बटणं यंदाच्या पहिल्या सकाळी निघाली होती. हिशेबाप्रमाणे हे दोन आकडे एकच असायला हवेत. मधल्या रात्री कारखाना बंद होता.

"मामा, बटणं रात्रीतून वाढली," ती म्हणाली. मामा जेवायला आला होता.

"ताळेबंद जुळतो ना?"

"जुळतो."

"मग वाढू दे की. तुझं काय खातात?"

"पण वाढली कशी?"

"अगं, माझ्या वेळीही वाढत होती. मी पास झालो, लग्न केलं, दोन मुलं झाली. बटणांनी कधी मध्ये तोंड घातलं नाही."

"लोकांच्या मुली नाही नाही ते उद्योग करतात म्हणून आया रडतात," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "आमची बटणं मोजते. सांगायचं तरी कुणाला!"

दुसऱ्या दिवशी शंका प्रकल्पावरच्या पत्त्यावर गेली. पत्ता बरोबर होता. तिथे व्यायामशाळा होती. काउंटरवर एक तरुण बसला होता; त्याची मान डोक्यापेक्षा रुंद होती.

"इथे बटणांचा कारखाना आहे ना?"

"बटणांचा?" त्याने नीट विचार केला. "ताई, इथे आल्यावर लोकांची आहेत ती बटणं तुटतात. मालक वर राहतात, त्यांना विचारा. जिना मागे आहे. लिफ्टपण आहे, पण आमच्या धंद्यात ती दाखवत नाहीत."

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. त्यांच्या स्वेटरला चेन होती.

"आजोबा, मी कॉलेजातून आले. प्रकल्पासाठी."

"ये, ये. म्हणजे आलं एकदाचं कुणीतरी! दर वर्षी नुसतं आभाराचं पत्र येतं. 'आपण विद्यार्थ्यांना केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल.' प्राचार्यांची सही असते. मी काही करत नाही, तरी आभार मानतात. सज्जन माणसं आहेत."

"कारखाना बंद कधी झाला?"

"नऊ वर्षं झाली. लोक चेन लावायला लागले." त्यांनी स्वेटरची चेन उगाच खालीवर केली. "काय करणार, पटकन लागते."

त्यांनी तिला पाणी दिलं, समोर बसले आणि दाराकडे एकदा पाहून हळूच विचारलं, "पण काय गं, यंदा कसं चाललंय माझं?"

शंकाने प्रकल्प उघडला. "नफा दहा टक्क्यांनी वाढलाय."

"आणि कामगार?"

"तेही दहा टक्क्यांनी वाढलेत."

"बघ! थोरला म्हणत होता, विकून टाका. मी म्हणत होतो, जरा कळ काढ. पण मुलं ऐकतात का?"

कारखान्याचं काय उरलं ते त्यांनी हौसेने दाखवलं. पलंगाखाली बटणांची दोन पोती होती. खाली व्यायामशाळेत एक यंत्र अजून उभं होतं, त्यावर लोक टॉवेल वाळत घालत. रुंद मानेच्या तरुणाने पोती एकेका हाताने खाली आणली आणि वजनकाट्यावर ठेवली. शंकाने वजन लिहून घेतलं.

"तुमचंही करता का, ताई? पहिल्या वेळी फुकट असतं."

मग तिने खराखुरा प्रकल्प लिहिला आणि झेरॉक्सच्या दुकानातच टाइप करून घेतला. त्यात इमारत होती, तिचं भाडं होतं, दोन पोती होती आणि टॉवेलांसह एक यंत्र होतं. ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला. निष्कर्षाला चार ओळी सोडलेल्या होत्या. तिने लिहिलं, 'कारखाना बंद आहे.' उरलेल्या तीन ओळींत काय घालावं हे तिला सुचेना.

मार्गदर्शक सरांनी तो प्रकल्प उभ्याउभ्या वाचला आणि खाली बसले.

"हे काय लिहिलंयस?"

"बंद आहे, सर."

"अगं, सगळ्या वर्गाचा कारखाना व्यवस्थित चालू आहे. तुझ्या एकटीचाच कसा बंद पडला?"

"मी तिथे गेले होते."

"तेच म्हणतो मी. तुला जायला कुणी सांगितलं होतं?"

"नियमावलीत लिहिलंय, सर. पान चार."

"तू नियमावली वाचलीस?" सर दचकले. मग त्यांनी आवाज उतरवला, कारण माणूस मुळात वाईट नव्हता. "हे बघ, हे घरी ठेव. आठवण म्हणून. परीक्षेला बाकीच्यांचा आहे तोच घेऊन बस. यंदा राहिलीस तर नव्या अभ्यासक्रमात जावं लागेल. त्यात प्रकल्प दोन आहेत."

तोंडी परीक्षेच्या दिवशी शंकाच्या पिशवीत दोन्ही कारखाने होते. परीक्षक गेल्या वर्षीचेच होते. प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत: "कारखान्याला भेट दिलीत तेव्हा प्रामुख्याने काय जाणवलं?" शंकाच्या आधीचे सगळे म्हणाले होते, "शिस्त, सर." एकजण घाबरून "स्वच्छता" म्हणाला, त्याला दोन गुण जास्त मिळाले.

शंकाचं नाव पुकारलं गेलं. तिने चालू कारखाना काढून टेबलावर ठेवला. मार्गदर्शक सर बाजूलाच बसले होते, त्यांनी सुस्कारा सोडला.

"कारखान्याला भेट दिलीत?"

"हो, सर."

"प्रामुख्याने काय जाणवलं?"

तिने 'शिस्त' म्हणायला तोंड उघडलं. खुर्ची, मामी, मामीच्या भावाचा मुलगा हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. पण भेट दिली होती, हीच अडचण होती.

"घामाचा वास, सर," ती म्हणाली. "तिथे आता व्यायामशाळा आहे." आणि तिने दुसरा प्रकल्प काढून पहिल्यावर ठेवला.

मार्गदर्शक सर खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकी बंद होती.

परीक्षकांनी वाचायला वेळ घेतला. गेली सात वर्षं ते 'प्रगती समाधानकारक' या शब्दांखाली सही करत आले होते. हिला नापास करावं, तर ही फेरतपासणीचा अर्ज करणार, अर्ज विद्यापीठात जाणार, आणि विद्यापीठाकडे वेळच वेळ असतो. पास करावं, तर एकाच वर्षी एकाच कपाटात एकच कारखाना नफाही कमावणार आणि टॉवेलही वाळवणार. परीक्षक हिशेबाचे जाणकार होते. जे जुळत नाही त्याला वेगळं खातं उघडून द्यायचं, हे ते तीस वर्षं शिकवत होते.

"मुखपृष्ठावर कारखान्याच्या नावाआधी 'जुना' असं लिहा," ते म्हणाले. "म्हणजे हा वेगळा झाला आणि तो वेगळा."

"पण सर, कारखाना एकच–"

"अगं बाई, लिही!" मार्गदर्शक सर म्हणाले. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. ते सहसा कुणाला पेन देत नसत.

शंकाने पेन हातात घेतलं. नऊ वर्षं बंद असलेल्या कारखान्याला जुना म्हटलं तर त्यात खोटं काही नव्हतं. त्या शब्दाची सोयच ती होती. तिने लिहिलं. अक्षर सरळ आलं. परीक्षकांना ते थोडं तिरकं हवं होतं असं वाटलं. त्यांनी चालू कारखाना तिला परत दिला, जुन्यावर सही केली आणि सवयीने विचारलं, "काही शंका?"

मार्गदर्शक सरांनी डोळे मिटून घेतले.

"नाही, सर," शंका म्हणाली.

ती पास झाली. मामाने खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवल्या आणि मामी आठवडाभर कुणाशी फारसं बोलली नाही. आजोबांना दाखवायला तिने दोन्हींच्या प्रती नेल्या होत्या; जुन्याची झेरॉक्स काढून घेतली होती. त्यांनी दोन्ही चाळल्या आणि चालू कारखान्याची ठेवून घेतली.

पुढच्या वर्षीपासून झेरॉक्सच्या दुकानात दोन प्रकल्प मिळू लागले. जुना कारखाना थोडा स्वस्त आहे, कारण त्याला पानं कमी लागतात. त्यातल्या दोन पोत्यांचं वजन दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढतं.