पाठीमागचा बाक

मोटारसायकलचा गोल आरसा, दुकानातल्या मोठ्या आरशाच्या कोपऱ्यात तारेने बांधलेला.

न्हाणीघराची ओली फरशी.

डोक्याच्या मागे अंगठ्याएवढी जागा, जिथे केस उगवत नाहीत.

उन्हात पडून पडून रंग उडालेला लाकडी बाक.

सगळं एकाच न्हाव्यापाशी येऊन थांबतं. दुकानात एकटा असताना कोणीतरी मागून त्याच्या डोक्यात सळई घातली आणि गल्ला घेऊन पळालं. टाके सुकले, धसका सुकला नाही. पाठीमागे कोणी माणूस असणंच त्याला खपेनासं झालं. त्याने गोल आरसा बांधला, गिऱ्हाइकांचा बाक उचलून रस्त्यावर ठेवला. उन्हात ताटकळणार कोण? आधी पेपर वाचणारे पांगले, मग फुकटचे सल्ले देणारे, शेवटी एकटे राहणारे पोस्टमनकाका. पूर्वी काका दिसले नाहीत की बाकावरून कोणीतरी उठून त्यांचं दार वाजवायचं. परवा ते न्हाणीघरात पडले, रात्रभर फरशीवर कण्हत राहिले आणि कोणाला पत्ताच नाही.

हे न्हाव्याच्या कानावर आलं. आज बाक आत आला.

"दाजी, हात कापतोय तुमचा," खुर्चीतला मेहुणा म्हणाला. गालांवर फेस, गळा उघडा. "ताईचा शेवटचा निरोप तरी घेऊन यायला हवा होता मी."

"गप. हलू नकोस."

मागे काका बाकावर टेकले, काठी बाजूला उभी केली, पेपर उघडला. गोल आरशात आता नुसता पेपरच दिसत होता. माणूस गडप.

वस्तरा गळ्यावर आला. मागे चिडीचूप. तेव्हाही असंच होतं. आता सळई बसणार. आता. पातं कातडीला टेकलेलं आणि मनगट जणू दुसऱ्याचं. मेहुण्याचे डोळे विस्फारले, थट्टा कुठल्या कुठे गेली.

काठी घसरून फरशीवर आपटली.

न्हावी किंचाळला. मेहुण्याच्या हनुवटीखाली बारीक लाल रेघ उमटली.

"बाक बाहेर नेऊ का रे?" काका धडपडत उठू लागले.

न्हाव्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "नको. बसा काका. फक्त बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज आला की कळतं, तुम्हीच आहात. गप्प झालात की तिथे दुसरंच कोणीतरी बसतं."

काका पुन्हा बाकावर टेकले. "अरे, इतके दिवस भिंतींशी बोलतोय मी. आता 'थांबा' म्हणून तूच हात जोडशील, बघ."

"इथे माझा गळा चिरलाय," मेहुणा म्हणाला, "आणि यांच्या गप्पा."

"ओरखडा आहे. घरी ओळखतील तुला."

काका सुरू झाले. चुकीच्या पत्त्यांच्या, चावऱ्या कुत्र्यांच्या गोष्टी. दारातून शेजारचा शिंपी डोकावला. "बाक आत आला? बसू का?"

न्हाव्याची नजर गोल आरशाकडे गेली.

"बसा," मेहुणा म्हणाला, "पण तोंड बंद ठेवायचं नाही."

शिंपी बसला आणि लागलीच काकांची एक गोष्ट खोटी पाडू लागला. भीती गेली नव्हती. घाम कोपरापर्यंत ओघळत होता. न्हाव्याने वस्तरा पुसला, मेहुण्याची हनुवटी वर उचलली आणि पातं गळ्याला लावलं.

सळई बसली त्या दिवशी बाकावर कोणीच नव्हतं.