बेलापूरचा किल्ला, बसून

रिक्षा

ईश्वरी लगेच उतरली नाही. ठरल्याप्रमाणे बाबा पुढे झाले, पाहुण्यांना पडक्या भिंतीकडे वळवून बोलू लागले. मग तिने डावा पाय खाली ठेवला.

पाहुणे कराडचे. निशांत आणि त्याची आई, सुमित्राबाई. मुलगी वाशीच्या घरी दाखवायची नाही, किल्ला बघायला नेऊ, ही कल्पना बाबांची. घरी चहाचा ट्रे घेऊन चालत यावं लागतं.

कट्टा

"बसा," बाबा म्हणाले.

ईश्वरी बसलेलीच होती. बाबांच्या माहितीत सिद्दी झाले, पोर्तुगीज आले. ईश्वरीच्या आईने डबा उघडला.

"कोथिंबीर वडी घ्या ना."

"रिक्षातनं उतरलो ते बसलोच की," सुमित्राबाई म्हणाल्या. "कराडात बसायला जागा नव्हती व्हय?"

निशांत हसला. बाबाही हसले, जरा जास्तच.

ओंडका

खाडीकाठी पुन्हा बसले. ओहोटी होती. निशांतने विचारलं, "ऑफिसला कशा जाता?"

"बसनं. स्टॉपपर्यंत..."

"स्टॉप खालीच आहे," आई म्हणाली.

"काम काय असतं?"

"टेबलावरचंच," बाबा म्हणाले.

ईश्वरी उठली.

"ईशू, ऊन आहे."

"वरून खाडी दिसते, बाबा."

ती बुरुजाच्या पायऱ्यांकडे निघाली. उजवं पाऊल. मग डावं, फरफटत, थोडं उशिरा. मागचं बोलणं थांबलं. तिला स्वतःची चप्पल ऐकू येऊ लागली.

निशांत वर आला तेव्हा तिला दम लागला होता.

"कधीपासून?"

"चार वर्षांची होते. पोलिओ."

"तुमच्या बाबांनी कळवलं नाही."

"नाही. म्हणून मी वर आले."

तो कडेपर्यंत गेला, परत आला.

"काय दिसतंय वरनं?" खालून सुमित्राबाईंनी विचारलं.

"खाडी आहे, आई."

"तुला नाही विचारलं रे."

ईश्वरी पुढे झाली. "चिखल. बगळे. लांब नव्या बिल्डिंगी."

"थांब तिथंच."

सुमित्राबाईंनी पदर खोचला. ईश्वरीच्या आईने हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. निशांत दोन पायऱ्या खाली उतरला.

"सरक," त्या म्हणाल्या.

त्या गुडघ्यावर हात टेकत, थांबत थांबत येत होत्या. मान खाली, नजर पायरीवर. चेहरा काही दिसेना.

वाऱ्याने ईश्वरीच्या निऱ्या उडत होत्या. तिने त्या पायावर ओढून घेतल्या नाहीत.