पानाचं आतलं नाव

माझा भाऊ लासिसी खादाड आहे हे अख्ख्या इसेयिन गावाला माहीत होतं. पण आईच्या वाटची कोला, म्हणजे मानाची कडू बी, परस्पर खाण्याइतका खादाड असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी बाजारातून घरी येते तर हा ओट्यावर बसून कचाकचा चावतोय. समोर जिनची बाटली, आणि बाकावर सरदार ओगुनडिपेंचा मुलगा गबोलाहान, पांढऱ्याशुभ्र झग्यात.

"कोणाची कोला खातोयस?" मी विचारलं.

"यांनी आणली, आईसाठी. आई झोपली होती. म्हटलं कशाला उठवायचं, म्हणून मी घेतली."

"आणि कशासाठी आणलीय, ते विचारलंस?"

लासिसीचं तोंड चावता चावता थांबलं. गबोलाहान उठला आणि रीतीप्रमाणे माझ्यापुढे जमिनीवर सपशेल आडवा झाला. झग्याची पर्वा केली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मावशी," जमिनीवरूनच म्हणाला, "मी मागच्या दारचीचं नाव मागायला आलोय."

आमच्याकडे ज्याची कोला खाल्ली त्याचं मागणं नाकारता येत नाही. घरातल्या एकानं खाल्ली म्हणजे घरानं खाल्ली. आता ओकूनसुद्धा उपयोग नव्हता. मी तरी लासिसीला म्हटलं, "ओक!" त्यानं बोटं घातलीही घशात, गाढवानं.

मागच्या दारची हे एक पान. घरामागे सांडपाण्याच्या कडेला उगवतं म्हणून बाजारात त्याला असं म्हणतात. ज्या बाईचा गर्भ टिकत नाही तिच्यासाठी ते. पण बाजारातलं नाव म्हणजे नुसतं हाक मारायचं नाव. पानाला एक आतलं नावही असतं. पहाटे उठायचं, कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही, अटारेचे तिखट दाणे चघळायचे, पानापुढे गुडघे टेकायचे आणि त्या नावानं त्याला उठवायचं. मग खुडायचं. नाव न घेता खुडलं तर ती भाजी, शिजवा आणि खा.

हे नाव थोरल्याकडून धाकट्याकडेच जातं, उलटं कधीच नाही. एका वेळी ते एकाच तोंडात राहतं, तिसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही. दिलं की देणाऱ्यानं पुन्हा उच्चारायचं नाही. म्हणून आई ते धरून बसली होती, आणि म्हणून मी वाट बघत होते. आईचं दुकान मी झाडलं, पानं मी वाळवली, ओल्या मुळ्या निसून निसून माझ्या बोटांची सालं गेली. डोक्याचे केस पिकले. सगळा बाजार मला म्हणायचा, अवेरोची आई, आता तुझंच आहे सगळं. आणि आता हा आला आयत्या बिळावर नागोबा!

"तुला काय करायचंय नाव?" मी विचारलं. "तुझ्या बायकोला काय झालंय?"

"काही नाही, मावशी. माझा बाटल्यांचा कारखाना आहे ना, रस्त्याच्या पलीकडे. पानाचा काढा घालतो बाटलीत. पण लोक म्हणतात, नाव घेतलं नाही तर गुण येत नाही. एकदा नाव कळलं की मोबाइलवर रेकॉर्ड करीन. ट्रकभर पानं आली की लाउडस्पीकर लावला, झालं!"

मी पायातली चप्पल काढली. लासिसीनं माझा हात धरला. तो तरी कशाला धरला कोण जाणे, मी आधी त्यालाच मारणार होते.

आवाजानं आई उठून बाहेर आली. आईचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत. तिनं लासिसीच्या ओठांवरचा कोलाचा लाल रंग बघितला आणि खाली बसली.

"पोटात गेली?" तिनं विचारलं.

"गेली, आई."

"मग द्यायला हवं."

"आई!" मी ओरडले. "माझं काय? तो माझ्याहून धाकटा आहे. त्याच्याकडे गेलं की ते माझ्याकडे परत येणारच नाही!"

"ओरडू नकोस. कोला मी नाही खाल्ली."

"तू नाही खाल्लीस, मीही नाही खाल्ली. आणि भोगायचं मात्र मी?"

आई उठून आत गेली. त्या रात्री मी जेवले नाही. लासिसी जेवला. दोनदा अमल्याचा गोळा वाढून घेतला मेल्यानं.

नाव द्यायची रीत असते. बाजाराची पुढारीण, जिला आम्ही इयालोजा म्हणतो, ती हजर लागते, आणि पान विकणाऱ्या साऱ्या जणी. त्या पहाटे आमच्या परसात ही गर्दी! आईनं गबोलाहानच्या हातात अटारेचे दाणे ठेवले आणि आधी बंधनं सांगितली. खुडताना गुडघे तूच टेकायचेस, नोकर चालणार नाही. नाव तोंडानंच घ्यायचं, यंत्रानं नाही. जी बाई मागायला येईल तिला परत पाठवायचं नाही. आणि मूल जन्मून रडेपर्यंत तिच्याकडून काही घ्यायचं नाही.

"कबूल?" इयालोजानं विचारलं.

"कबूल, कबूल," गबोलाहान म्हणाला आणि दाणे चावले.

लग्नात पाद्रीबाबाच्या मागून माणसं काहीही म्हणतात ना, तसा म्हणाला तो. ही आपली जुन्या बायकांची बडबड, एवढ्यावर निभावलं, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. इसेयिनमध्ये जन्मलेला माणूस, बाजारच्या बायकांसमोर दाणे चावून कबूल म्हणतो आणि त्याला वाटतं ते विसरलं जाईल! आईनं त्याच्या कानाला तोंड लावलं. माझ्या कानापासून हातभर अंतरावर माझ्या हक्काचं नाव परक्याच्या कानात गेलं. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली, ओकेहोच्या बाजूची. दोन गर्भ गेलेले, तिसरा पोटात. आईनं तिला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "पोरी, ते नाव आता माझ्याकडे नाही. रस्त्याच्या पलीकडे बाटल्यांचा कारखाना आहे, तिथे जा. तो नाही म्हणू शकत नाही."

ती गेली. त्यानं तिला एक बाटली दिली. ती म्हणाली, बाटली नको, पान हवं, आज खुडलेलं. रखवालदारानं तिला फाटकाबाहेर काढलं. ती रडत दुकानात परत आली. आता मात्र माझं डोकं फिरलं. नाव माझं गेलं ते गेलं, पण पोटुशी बाईला हाकलतोस? मी तशीच इयालोजाकडे गेले.

बाजार बंद झाला. साऱ्या बायका कारखान्याच्या फाटकापुढे जाऊन बसल्या. शिव्या नाहीत, दगड नाहीत. इयालोजानं फक्त डोक्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. मग सगळ्यांनी सोडले. म्हाताऱ्या बायकांनी एखाद्याच्या दारात उघड्या डोक्यानं बसावं, याहून मोठी नाचक्की आमच्याकडे नाही. कारखान्यात कामाला होती ती आमचीच पोरं. फाटकातून त्यांनी आपापल्या आया बघितल्या आणि एकेक जण हातातलं काम टाकून मागच्या बाजूनं पळाला. शेवटी सरदार ओगुनडिपे स्वतः आले, आणि मुलाच्या कानशिलात त्यांनी ठेवून दिली. आवाज आमच्यापर्यंत आला.

त्यानंतर गबोलाहान रोज पहाटे सांडपाण्याच्या कडेला. झगा वर खोचलेला, गुडघे चिखलात, तोंड तिखटानं भाजलेलं, नाकातून पाणी. आणि बायका म्हणजे काय, बातमी लागली की येतातच! ओकेहोच्या आल्या, शाकीच्या आल्या, ट्रकच्या पाठीवर बसून आल्या. तो फुकट पानं देत होता आणि बाटल्या रिकाम्या पडून होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मुद्दाम रोज तिकडून जायची आणि विचारायची, "काय रे बाळा, लाउडस्पीकर कुठाय?"

शेवटी आला एकदा आमच्या ओट्यावर. पुन्हा आडवा झाला, ह्या वेळी झगाही नव्हता.

"आजी, परत घ्या. माझा धंदा बसला."

"पाणी चढावर वाहत नाही," आई म्हणाली. "मी कशी घेऊ?"

"मग मावशी, तुम्ही घ्या! तुम्हाला हवंच होतं ना?"

हवंच होतं! माझ्या जिभेच्या टोकाशी 'हो' आलं होतं. मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली. हा माझ्या डोळ्यांदेखत रांगलेला, त्याच्या तोंडातून माझ्याकडे कसं येणार?

"आमच्या घरातलं तुझ्याहून धाकटं कोणी असेल तर दे," आई त्याला म्हणाली. "अवेरो आहे."

अवेरो म्हणजे माझी मुलगी. केस विणायचं दुकान चालवते, नखं रंगवते. आमच्या पानांच्या वासानं तिचं डोकं दुखतं म्हणून आमच्या दुकानाकडे फिरकत नाही. तिला बोलावलं. मला वाटलं, नाक मुरडेल. पण पानासाठी येणाऱ्या त्या बायका तिच्या दुकानावरूनच जायच्या, काही जणींचे केस तिनंच विणले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, इयालोजापुढे गुडघे टेकले आणि दाणे चावले. डोळ्यांतून पाणी आलं तरी थुंकली नाही.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मी त्या संध्याकाळी आईवर तुटून पडले. "तुला सगळं आधीच माहीत होतं! नाव घरात परत येणार आणि मला डावलून येणार, हे माहीत होतं तुला!"

"मला एवढंच माहीत होतं," आई म्हणाली, "की कोला पोटात गेली होती. जरा गरम पेज देतेस का?"

"लासिसीला माग पेज!" मी म्हटलं. मग उठून दिली. आई आहे, काय करणार.

दुसऱ्या पहाटे अवेरो उठली. मी तिच्याआधीच उठून बसले होते. टोपली धुऊन ठेवली होती, कंदिलाची काच पुसली होती. ती काही बोलली नाही, बोलायचं नसतंच. मी तिच्यामागून परसात गेले. कुठली फांदी कोवळी, कुठली आळीनं खाल्लेली, तिला काय ठाऊक? मी बोटानं दाखवलं. तिनं चिखलात गुडघे टेकले, रंगवलेल्या नखांनी पानं बाजूला केली आणि तोंड उघडलं. मग तशीच थांबली, आणि वळून माझ्याकडे बघत राहिली.

मला आधी कळेचना. मग तिनं हात हलवला, लांब जा म्हणून.

"मी तुझी आई आहे!" मी म्हटलं.

तिनं पुन्हा हात हलवला. डोळे भरले होते तिचे, पण हात हलवायची थांबली नाही. मी पाय आपटत भिंतीच्या पलीकडे गेले, आणि तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा म्हटलं, "कान झाकलेत, बाई, बोल आता!" खरंच झाकले होते.